आश्रय की प्रवेश? पानोर्मितिसच्या उपसागरातील एका रात्रीचे प्रकरण

दात्चा हे तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य टोकाकडचे छोटे बंदर आहे. तेथून ग्रीसच्या ऱ्होड्स बंदराचे अंतर 30 ते 35 सागरी मैल भरते. 12 मीटर लांबीची शिडाची नौका, वारा मागून मिळाला तर, हे अंतर सहा-सात तासांत कापते. त्यामुळे सकाळी एका देशाचा निरोप घेऊन संध्याकाळी दुसऱ्या देशात रीतसर दाखल होणे या पट्ट्यात नेहमीचेच आहे. प्रस्तुत प्रकरणातील नौकेचाही बेत तोच होता. तो तडीस गेला नाही, यात कोणाचाही दोष नव्हता. दोष घडला तो बेत फसल्यानंतरच्या चौदा तासांत, आणि तोही वादळात नव्हे तर शांत पाण्यात, नांगर पक्का बसल्यावर.

या प्रकरणातील नौका आणि माणसे कल्पित आहेत. ठिकाणे आणि नियम खरे आहेत. परक्या पाण्यात फिरणाऱ्या खासगी नौका कोठे अडखळतात हे एकाच प्रसंगातून नीट दिसावे म्हणून नेहमी घडणाऱ्या गोष्टी येथे एकत्र आणल्या आहेत.

घटनाक्रम

नौका युरोपीय संघाबाहेर नोंदवलेली होती. तिच्यावर चौघे होते: नौकेचे मालक, जे स्वतःच कप्तान होते, त्यांच्या पत्नी, ज्या नौकेची नोंदवही ठेवत, त्यांचे एक मित्र, आणि पुतण्या, ज्याचा हा पहिलाच सागरप्रवास होता. चौघांकडेही वैध शेंगेन व्हिसा (ग्रीससह अनेक युरोपीय देशांत एकत्र चालणारे) होते. जुलै महिना होता. दात्चा येथे सकाळीच ट्रान्झिट लॉग, म्हणजे त्या देशाच्या पाण्यात फिरण्यासाठी नौकेला मिळणारा परवाना-कागद, बंद करण्यात आला, पासपोर्टवर तुर्कस्तान सोडल्याचे शिक्के बसले आणि साडेअकराच्या सुमारास नौकेने बंदर सोडले. येथपर्यंत एकही त्रुटी नव्हती. किंबहुना तुर्की पाण्यातील नियमांबाबत कप्तान फार काटेकोर होते. दात्चा ज्या मूला प्रांतात येते तेथे नौकांवरील सांडपाण्याच्या टाक्या किनाऱ्यावरच रिकाम्या करून त्याची नोंद ‘मावी कार्त’ म्हणजे निळ्या कार्डावर करून घ्यावी लागते. ती त्यांनी निघण्यापूर्वी आठवणीने करून घेतली होती. मरिनातल्या माणसाने हा नियम सांगितला होता, म्हणून तो पाळला गेला. ग्रीसच्या हद्दीतला नियम सांगायला वाटेत कोणी नव्हते.

दुपारी दोननंतर मेल्तेमी वाढला. उन्हाळ्यात बाल्कनवरचा उच्च दाब आणि तुर्कस्तानवरचा कमी दाब यांच्यामधून एजियन समुद्रावर वाहणारा हा उत्तरेकडचा वारा असून ऱ्होड्सच्या बाजूला तो वायव्येकडे वळतो. त्याची अडचण अशी की तो ढग घेऊन येत नाही. आकाश लख्ख निळे असते, उन्हात डोळे दिपत असतात आणि पाण्यावर मात्र पांढरे फेस दिसू लागतात. चारच्या सुमारास वाऱ्याने 30 गाठींचा (ताशी 30 सागरी मैल) वेग गाठला. पुढचे शीड गुंडाळायला घेतले तेव्हा त्याची दोरी ती गुंडाळण्याच्या ड्रमवर स्वतःवरच चढून आवळली गेली आणि अर्धे शीड उघडेच अडकून फडफडू लागले. कप्तान कमरेला सुरक्षादोर अडकवून नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, गेले आणि वीस मिनिटे ती गाठ सोडवत राहिले. ती सुटली तेव्हा त्यांच्या दोन बोटांची सालपटे निघाली होती आणि शिडाची कड हातभर फाटली होती. ऱ्होड्स अजून वीसेक मैल दूर होते आणि तेथे पोहोचेपर्यंत अंधार पडला असता. डाव्या हाताला सिमी बेटाचा दक्षिण भाग दिसत होता. कप्तानांनी पानोर्मितिसच्या उपसागरात शिरण्याचा निर्णय घेतला.

हा निर्णय योग्य होता, हे येथेच स्पष्ट म्हटले पाहिजे. पानोर्मितिसचे तोंड अरुंद आहे, आत मात्र पाणी पसरलेले आणि शांत असते; किनाऱ्यावर देवदूत मायकेलचा मोठा मठ आहे आणि दिवसा तेथे ऱ्होड्सहून प्रवासी बोटी येतात. फाटक्या शिडानिशी, नवखा माणूस बरोबर असताना, वाढत्या वाऱ्यात रात्रीचा प्रवास टाळणे हे नौकानयनाच्या कोणत्याही परंपरेत शहाणपणाचेच मानले जाईल.

सहा वाजता नांगर वाळूत बसला. डोलकाठीच्या उजव्या बाजूला आरोग्य-परवानगी मागणारा पिवळा झेंडा चढला. पत्नीने विचारले, “अहो, रेडिओवर कळवायचं का कोणाला?” कप्तान म्हणाले, “आता कशाला? उद्या ऱ्होड्सला सगळं एकदमच करू.” बॅटरी वाचवण्यासाठी यंत्रे बंद करण्यात आली आणि त्याबरोबर नौकेची ओळख व स्थान प्रक्षेपित करणारे एआयएसही बंद झाले. साडेसातच्या सुमारास पुतण्याने विचारले, “काका, दहा मिनिटं मठ बघून येऊ?” कप्तानांनी मान हलवली. पुतण्या आणि मित्र लहान रबरी होडीने किनाऱ्यावर गेले, मठाच्या अंगणात फिरले, पाण्याच्या बाटल्या आणि पाव घेऊन तासाभराने परतले.

नोंदवहीत त्या संध्याकाळची एकच ओळ आहे: ‘18.00, पानोर्मितिस, 8 मीटर पाणी, रात्रीचा मुक्काम.’

सकाळी नौका नीटनेटकी दिसावी म्हणून पुतण्याने हौसेने ग्रीसचा झेंडा चढवला आणि जागा मोकळी करण्यासाठी पिवळा झेंडा उतरवला. आठ वाजता तटरक्षक दलाची गस्ती नौका उपसागरात आली.

नियम नेमके काय सांगतात

कप्तानांची समजूत अशी होती की समुद्रावर संकट आले की जवळच्या कोणत्याही बंदरात शिरण्याचा हक्क असतो, आणि पिवळा झेंडा लावला की आपण कायद्याच्या चौकटीत असतो. या दोन्ही समजुतींत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच त्या धोकादायक आहेत.

पहिली समजूत 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारातून आली आहे. या कराराच्या 17 व्या कलमाने परकीय नौकांना किनारी देशाच्या प्रादेशिक समुद्रातून निरुपद्रवी मार्गक्रमणाचा हक्क दिला आहे, आणि 18 व्या कलमानुसार हे मार्गक्रमण सलग व विनाविलंब असले पाहिजे. थांबणे किंवा नांगर टाकणे यांची मुभा त्यातच आहे, परंतु ती सामान्य नौकानयनाच्या ओघात येणाऱ्या, अपरिहार्य कारणाने वा संकटामुळे आवश्यक ठरलेल्या थांब्यापुरती आहे. पुढे 19 व्या कलमात कोणत्या कृतींमुळे मार्गक्रमण निरुपद्रवी राहत नाही याची यादी आहे. तीत किनारी देशाच्या सीमाशुल्क, करविषयक, स्थलांतर वा आरोग्यविषयक नियमांविरुद्ध माल किंवा माणसे चढवणे-उतरवणे याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ज्या हक्काच्या आधारे कप्तान पानोर्मितिसमध्ये शिरले, त्या हक्काची कड त्यांच्याच रबरी होडीने ओलांडली. नांगर पाण्यात होता तोवर ते आश्रित होते. दोन माणसे धक्क्यावर उतरली तेव्हा तो प्रवेश झाला. वाऱ्याने त्यांना उपसागरात आणले होते, मठाच्या अंगणात नव्हे.

दुसरी समजूत पिवळ्या झेंड्याची. आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत या झेंड्याचे अक्षर ‘क्यू’ आहे आणि त्याचा अर्थ ‘माझी नौका निरोगी आहे आणि मी आरोग्य-परवानगीची विनंती करीत आहे’ असा होतो. ही विनंती आहे, आणि विनंती ऐकणारा कोणीतरी असावा लागतो. ज्या ठिकाणी झेंडा पाहून पुढची कारवाई करणारा अधिकारीच नाही, तेथे तो चढवणे हे दार नसलेल्या भिंतीवर टकटक करण्यासारखे आहे. शिवाय रीत अशी की सोपस्कार पूर्ण झाल्यावर पिवळा झेंडा उतरतो आणि त्याच्या जागी यजमान देशाचा सौजन्यध्वज चढतो. पुतण्याने आदरापोटी जो बदल केला, त्याचा पाहणाऱ्याच्या लेखी अर्थ एवढाच होता: ही नौका ‘आमची तपासणी झाली आहे’ असे सांगत आहे. तपासणी मात्र झालेली नव्हती.

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येऊ. ग्रीस शेंगेन क्षेत्रात आहे आणि त्या क्षेत्राची बाह्य सीमा कशी ओलांडावी हे युरोपीय संघाच्या 2016/399 क्रमांकाच्या नियमावलीने ठरते. तिच्या 5 व्या कलमाचे मूळ सूत्र असे की बाह्य सीमा केवळ ठरवून दिलेल्या ठिकाणीच आणि ठरलेल्या वेळेतच ओलांडायची. सिमी बेटावर असे प्रवेशबंदर आहे, ते बेटाच्या मुख्य गावात. पानोर्मितिस हे प्रवेशबंदर नाही. परंतु त्याच नियमावलीच्या सहाव्या परिशिष्टात विहारनौकांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. त्यांनुसार तिसऱ्या, म्हणजे संघाबाहेरच्या, देशातून येणारी विहारनौका अपवाद म्हणून प्रवेशबंदर नसलेल्या बंदरातही शिरू शकते. अट अशी की नौकेवरील व्यक्तींनी बंदर अधिकाऱ्यांना कळवून त्यांची अनुमती घ्यायची आणि नौकेवरील माणसांची यादी द्यायची. ते अधिकारी जवळच्या प्रवेशबंदराला वर्दी देतात. अपरिहार्य कारणाने अशा ठिकाणी यावे लागले तर काय करायचे, याचीही सोय त्यात आहे आणि तिचे स्वरूपही तेच आहे: कळवा, म्हणजे पुढची यंत्रणा चालू होते.

हे वाचल्यावर प्रकरणाचा रंगच पालटतो. नियम नौकेच्या आड येत नव्हता. फाटलेले शीड, वाढता वारा आणि जवळची सुरक्षित जागा, हा नेमका प्रसंग डोळ्यांपुढे ठेवून जणू त्यात वाट काढलेली होती. त्या वाटेची किंमत होती एक संदेश आणि चार नावांची यादी. कप्तानांनी सागरी कायद्याचे सर्वसामान्य ज्ञान वापरले आणि स्थानिक नियमाने दिलेली सवलत घ्यायची राहून गेली. परक्या पाण्यातील नियम म्हणजे केवळ मज्जावांची यादी, असे गृहीत धरणारी माणसे ते वाचायचे टाळतात, आणि त्यामुळे त्यांच्यासाठीच ठेवलेल्या सवलती त्यांना दिसत नाहीत. माझ्या मते या प्रकरणातून घ्यायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आणखी एक लहान बाब अधिकाऱ्यांनी टिपली. 1972 च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांतील 30 वा नियम नांगरलेल्या नौकेने दिवसा नाळेकडे एक काळा गोळा दाखवावा असे सांगतो. 7 मीटरपेक्षा लहान नौकांना काही परिस्थितीत त्यातून सूट आहे. 12 मीटरच्या नौकेला नाही. गोळा नौकेवर होता, पण नाळेजवळच्या कप्प्यात, दोरांच्या वेटोळ्याखाली.

अधिकाऱ्यांच्या बाजूने

परदेशी अधिकाऱ्यांची वागणूक अकारण कडक होती, अशी तक्रार अशा प्रसंगांनंतर ऐकू येते. म्हणून त्या सकाळी गस्ती नौकेवरून काय दिसले असेल ते क्रमाने मांडणे आवश्यक आहे.

सिमी बेट तुर्की किनाऱ्यापासून काही मैलांवरच आहे. ग्रीस आणि तुर्कस्तान हे दोन्ही देश एजियन समुद्रात 6 सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र मानतात, आणि सिमीच्या आसपास तर तेवढीही जागा दोघांमध्ये उरत नाही; एका देशाचे पाणी संपते तेथे दुसऱ्याचे सुरू होते. याच अरुंद पट्ट्यांतून 2015 या एका वर्षात आठ लाखांहून अधिक निर्वासित व स्थलांतरित समुद्रमार्गे ग्रीसला पोहोचले. माणसांची चोरटी वाहतूक करणाऱ्यांनी त्यासाठी रबरी होड्यांप्रमाणेच शिडाच्या विहारनौकाही वापरल्या आहेत. या पार्श्वभूमीवर तुर्कस्तानकडून आलेली एक नौका प्रवेशबंदर नसलेल्या उपसागरात उभी आहे. तिचे एआयएस संध्याकाळपासून बंद आहे. पिवळा झेंडा नाही, उलट ग्रीसचा झेंडा लावलेला आहे. लहान होडी वापरलेली, ओल्या अवस्थेत मागे बांधलेली आहे. आणि रेडिओवर तिच्याबद्दल कोणीही काही ऐकलेले नाही. यांतली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे निरुपद्रवी आहे. छोट्या खासगी नौकेला एआयएस सक्तीचे नाही, बॅटरी वाचवणे हा गुन्हा नाही. पण सगळ्या गोष्टी एकाच नौकेवर दिसल्यावर ती तपासणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्यच ठरते.

पासपोर्ट पाहिल्यावर शंका आणखी दाट झाली. तुर्कस्तान सोडल्याचा शिक्का आदल्या दिवशीचा होता, ग्रीसमध्ये आल्याचा शिक्काच नव्हता, आणि मधले अंतर जेमतेम तेरा-चौदा मैलांचे होते. अधिकाऱ्याने नोंदवही मागितली. वाऱ्यामुळे आलो असे कप्तान तोंडाने सांगत होते. वहीत मात्र ‘रात्रीचा मुक्काम’ लिहिलेले होते. ना वाऱ्याचा वेग, ना शिडाची दोरी अडकल्याची वेळ, ना ऱ्होड्सचा बेत सोडल्याचे कारण. ‘मुक्काम’ हा शब्द ठरवून थांबणाऱ्याचा आहे. पत्नीने तो सहज, घरच्या बोलण्यातला म्हणून लिहिला होता. तपासणीत त्याचे भाषांतर झाले तेव्हा तोच कप्तानांच्या विरुद्ध बोलू लागला. त्यांच्या बाजूने उभे राहिले ते फाटलेले शीड आणि सोललेली बोटे. अधिकाऱ्याने शिडाची कड हातात घेऊन पाहिली, धागे ताजे तुटलेले आहेत याची खात्री केली आणि त्यानंतर त्याच्या प्रश्नांचा सूर बदलला. ‘किनाऱ्यावर कोण उतरले?’ हा प्रश्न मात्र त्याने सोडला नाही, आणि कप्तानांनीही खरे उत्तर दिले. ते उत्तर त्या सकाळचा सर्वांत चांगला निर्णय होता.

रात्री काय करता आले असते

मागे फिरणे हा पर्याय प्रत्यक्षात नव्हता. 30 गाठींच्या वाऱ्याला तोंड देत दात्चाकडे जाणे अवघड होतेच. शिवाय निर्गमनाचे सोपस्कार झाल्यानंतर तुर्की पाण्यात पुन्हा थांबायचे तर तेथील अधिकाऱ्यांनाही कळवावे लागले असते. सिमीच्या मुख्य बंदराला वळसा घालून जाणे शक्य होते, पण फाटक्या शिडाने आणि संध्याकाळच्या वेळी त्याची शिफारस मी करणार नाही.

उरला संदेश. उपसागरात शिरण्यापूर्वी व्हीएचएफ रेडिओच्या 16 व्या चॅनेलवर ग्रीक तटरक्षक दलाला हाक मारून नौकेचे नाव, ध्वज, कोठून कोठे निघाली, नौकेवर किती माणसे, काय बिघाड झाला, कोठे नांगर टाकणार आणि पहाटे कोणत्या प्रवेशबंदराकडे निघणार, एवढे सांगायचे होते. जिवाला धोका नसल्यामुळे ‘मेडे’ या प्राणसंकटाच्या हाकेची गरज नव्हती. डोंगराआड रेडिओ पोहोचत नसेल तर ही हाक उपसागराबाहेर असतानाच मारायला हवी होती, आणि तेही जमले नाही तर दूरध्वनी होताच. मग उत्तराची वाट पाहायची आणि उत्तर येईपर्यंत, किंवा अनुमती मिळेपर्यंत, सर्वांनी नौकेवरच राहायचे. पिवळा झेंडा तसाच ठेवायचा. एआयएसला लागणारी वीज फारच थोडी असते; ते रात्रभर चालू ठेवले असते तर नौका लपत नाही हे आपोआप दिसले असते. आणि नोंदवहीत त्या ओळीऐवजी चार ओळी लिहायच्या: वारा किती, काय तुटले, किती वाजता कोणाला कळवले, काय उत्तर आले. या सगळ्याला मिळून दहा मिनिटेही लागली नसती.

पुतण्याला मठ पाहू द्यायचा मोह मला समजतो. तासन्‌तास भिजलेल्या, घाबरलेल्या मुलाला पायाखाली जमीन हवी असते. पण परक्या देशात पहिले पाऊल कोणी, कोठे आणि केव्हा ठेवायचे हा निर्णय कप्तानांचा असतो, आणि तो प्रेमाने ‘नाही’ म्हणून सांगावा लागतो. पुष्कळ देशांत सोपस्कार होईपर्यंत फक्त कप्तानाने कागदपत्रे घेऊन उतरायचे असा शिरस्ता आहे तो याचसाठी.

प्रकरणाचा शेवट

नौकेला थेट सिमीच्या मुख्य बंदरात जाण्याचा आदेश मिळाला आणि गस्ती नौका बंदराच्या तोंडापर्यंत मागे राहिली. तेथे कप्तानांचा लेखी जबाब झाला. आश्रय घेतल्याबद्दल कोणतीही कारवाई झाली नाही. न कळवता दोघांना किनाऱ्यावर उतरू दिल्याबद्दल दंड झाला, आणि नांगराचा गोळा न लावल्याबद्दल तोंडी समज मिळाली. त्यानंतर पासपोर्टवर प्रवेशाचे शिक्के बसले, सीमाशुल्क कार्यालयातून नौकेचा ग्रीक ट्रान्झिट लॉग निघाला, ग्रीक पाण्यात फिरणाऱ्या 7 मीटरपेक्षा मोठ्या विहारनौकांवरील ‘तेपाई’ शुल्क भरले असल्याची पावती तपासली गेली. ती होती, ते शुल्क त्यांनी आठवडाभर आधीच ऑनलाइन भरले होते. विम्याचा दाखला आणि नोंदणीपत्रही नीट होते. कागदांच्या बाबतीत ही नौका अनेकांहून सरस होती, हे त्या कार्यालयातील माणसाने बोलूनही दाखवले.

पूर्ण दिवस त्यात गेला. शीड सिमीतच शिवून घेऊन तिसऱ्या दिवशी ते ऱ्होड्सला पोहोचले.

परतीच्या प्रवासापूर्वी पत्नीने नोंदवहीच्या पानांवर एक नवा रकाना आखला: ‘कोणाला कळवले, किती वाजता, उत्तर’. रेडिओशेजारी एक जाड कागद चिकटवला गेला, त्यावर वाटेतल्या दोन्ही देशांच्या प्रवेशबंदरांची नावे आणि हाक मारण्याचे चॅनेल मोठ्या अक्षरांत होते. पुतण्याने नांगराचा काळा गोळा कप्प्यातून काढून नाळेजवळच्या कठड्याला, हाताला लागेल असा, बांधून ठेवला.